पायाखालची पेटी

१

मास्तर मेले होते, पण त्यांचा डावा पाय अजून जागच्या जागी होता. टेबलाखालच्या एका जुन्या, खरचटलेल्या लोखंडी पेटीवर नेहमीसारखा आरामात टेकलेला. बाकीचं शरीर खुर्चीतून अर्धं घसरलं होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे कंपनीचं निम्मं शहाणपण साठवलेलं आहे असं सगळे म्हणत, तिथे आता बघवत नव्हतं. रक्त की-बोर्डच्या बटणांमधून झिरपत जाऊन टेबलाच्या कडेला घट्ट झालं होतं. शेजारी आग विझवायचा सिलिंडर आडवा पडला होता आणि त्याच्या बुडाला पांढरे केस चिकटले होते.

इन्स्पेक्टरबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. जवळचं बघायचं असलं की त्या चष्मा काढत आणि लांबचं बघायचं असलं की मन काढून ठेवत. पहिलं जमायचं, दुसरं अजून तितकंसं जमत नव्हतं.

"बाई, इकडे या," जमादार म्हणाला.

भिंतीशी एक रॅक होता. त्यावर एकसारख्या दिसणाऱ्या कॉम्प्युटरच्या पेट्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीवर एक छोटी रंगीत टिकली चिकटवलेली, कुठे पिवळी, कुठे हिरवी. बाकी काही लिहिलेलं नाही. लाल टिकली एकाच पेटीवर होती, आणि तिचं पार भजं झालं होतं. कोणीतरी ती खाली ओढून, सिलिंडरने ठेचून, आतल्या चकत्या उपसून त्यांचाही चुरा केला होता. तिच्या शेजारणींना ओरखडाही नव्हता.

"माणसाला दोन घाव," बाई हळूच म्हणाल्या, "आणि पेटीला मोजता येणार नाहीत इतके. जमादार, खुनी माणसावर चिडून आला नव्हता. माणूस मध्ये आला."

"खुनी सापडलाय ना पण," जमादार म्हणाला आणि दाराआडच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

तिथे एक तरुण माणूस उकिडवा बसला होता. शर्ट छातीपासून पोटापर्यंत रक्ताने माखलेला. मांडीवर मास्तरांचा उजव्या पायातला बूट, आणि त्याच्या नाडीची गाठ तो पुन्हा पुन्हा सोडून बांधत होता.

"कोण रे तू?"

"धाकटा भाऊ." त्याने मान वर केली नाही. "गेल्या आठवड्यात खाली पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर, मी दादाला म्हणालो होतो, एक दिवस तुझं डोकं फोडीन."

२

चौकीत नेईपर्यंत धाकट्याचा ओठ फुटला होता. पायरीला अडखळला, असं जमादाराच्या माणसांचं म्हणणं.

"आमच्या पायऱ्यांना हल्ली फार हात फुटलेत," बाई म्हणाल्या. "पुन्हा कोणी अडखळला तर मी त्याच पायऱ्यांवरून तुम्हाला खाली पाठवीन."

धाकट्याची हकिकत सरळ होती. तोही त्याच कंपनीत कामाला होता, दादाच्याच हाताखाली; सगळ्यांना काम शिकवायचा म्हणून दादाला ऑफिसात 'मास्तर' म्हणत. दवाखान्यात सलाईनमधून औषध सोडणारी जी यंत्रं असतात, त्यांचं सॉफ्टवेअर ही कंपनी लिहायची. औषध वाजवीपेक्षा भरभर जायला लागलं की यंत्राने बोंब मारावी, हे त्यातलं मुख्य काम. महिन्याभरापूर्वी धाकट्याला कामावरून काढलं आणि दादाने तोंड उघडलं नाही, म्हणून तो भडकला होता. रविवारी दादाचा निरोप आला, 'ये, तुझं काम परत मिळवून देतो. चूक माझी होती.' तो दुपारी गेला तर ऑफिस रिकामं, आणि दादा असा.

"उचलून छातीशी धरला मी त्याला," तो म्हणाला. "मान धरायला गेलो तर हाताला मानच लागेना."

बाहेर बाकावर त्यांची आई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत इस्त्री केलेला शर्ट.

"धाकट्यासाठी?" बाईंनी विचारलं.

"नाही. थोरल्यासाठी. अंगावरचा खराब झालाय म्हणाले." म्हातारीने पिशवीची घडी सरळ केली. "तुम्ही मुख्य ना? मग मला एकच सांगा. धाकट्याने केलंय का?"

"जमादाराला तसं वाटतं. उद्या संध्याकाळी त्याला कोर्टापुढे उभा करतील."

"मग उद्यापर्यंत थांबते." तिचे डोळे कोरडे, लालभडक होते. "मी अजून रडले नाहीये बाई. थोरल्यासाठी रडायला बसले तर ते धाकट्याला शाप दिल्यासारखं होईल. आणि धाकट्यासाठी रडले, तर थोरला म्हणेल, आई, माझं काय? तुम्ही शोधून काढा, मग रडते."

बाईंनी आजवर पुष्कळ आया बघितल्या होत्या. आपटणाऱ्या, शिव्या देणाऱ्या, पायाशी लोळण घेणाऱ्या. अशी रांगेत उभी राहिल्यासारखी वाट बघणारी पहिलीच.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ऑफिसातली मीटिंगची काचेची खोली ताब्यात घेतली आणि आधी मालकांना बोलावलं.

मालक मोठा माणूस, आणि त्याहून मोठा त्यांचा रुमाल. "कंपनी विकायची चालली होती," ते म्हणाले. "घेणाऱ्याने विचारलं, तुमच्याकडे मौल्यवान काय काय आहे ते सांगा. आणि बाई, आमची बोबडी वळली! इतकी वर्षं धंदा केला आणि हेच माहीत नाही. म्हणून शुक्रवारी चौघांची मीटिंग घेतली, मी, मास्तर, माल पोचवणारे घाईसाहेब आणि टेस्टिंगवाली मुलगी. मी म्हणालो, ही बिल्डिंग. मास्तर म्हणाले, भिंती पुन्हा बांधता येतात. जे गेल्यावर पुन्हा करता येत नाही, तेवढंच मौल्यवान. मग टिकल्या ठरवल्या. हिरवी म्हणजे गेलं तर बाजारातून आणू. पिवळी म्हणजे गेलं तर घाम गाळून पुन्हा करू. आणि लाल म्हणजे गेलं की संपलं. कुठल्या रंगाचा काय अर्थ, तो निरोप नंतर आम्हा चौघांच्याच फोनवर आला."

"लाल टिकली कशासाठी ठरली होती?"

"आजवर आम्ही दवाखान्यांना पाठवलेलं एकूणएक सॉफ्टवेअर. जसं बाहेर पडलं तसंच, कोणी शेवटचा हात लावला त्यासकट." मालकांनी रुमाल डोळ्यांवर दाबला. "एका दवाखान्यात पेशंट गेला हो. औषध धो धो गेलं आणि यंत्र गप्प. मास्तर तेच शोधत होते. आज ते दवाखान्याला सांगायला जाणार होते. मी म्हटलं, विक्री होईपर्यंत थांबा. थांबणाऱ्यातला नव्हता तो माणूस." ते एकदम हुंदका देऊन थांबले. "शुक्रवारी पोट धरून हसलो मी त्यांच्यामुळे. शेवटचा."

कशावर हसलात, असं विचारणार तोच त्यांचा फोन वाजला आणि ते "हो साहेब, नाही साहेब" करत बाहेर गेले.

मग आले घाईसाहेब. माल वेळेवर दवाखान्यात पोचवणं ही यांची जबाबदारी. खरं नाव सगळे विसरले होते, कारण यांच्या तोंडी शब्द एकच, 'घाई आहे.' खुर्चीतही ते टोकावर बसले.

"वेळ वाया घालवताय तुम्ही, मॅडम. धाकट्याला मीच काढलं. डोकं गरम, तोंड गरम. साऱ्या पार्किंगने ऐकलंय तो काय बोलला ते."

"शुक्रवारच्या मीटिंगला तुम्ही होतात?"

"म्हणजे काय! गाडीत होतो, फोनवरून हजर. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"वातावरण कसं होतं?"

"गंभीर. एकदम गंभीर. टाचणी पडली तरी ऐकू यावी. विषयच तसा होता." त्यांनी घड्याळ बघितलं. "झालं का? मला घाई आहे."

४

तिसरी होती ती टेस्टिंग करणारी मुलगी. दुसऱ्याने केलेल्या कामात चुका शोधायच्या हाच तिचा पगार, म्हणून ऑफिसात तिला 'खुसपट' म्हणत. तिने आल्या आल्या बाईंच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो हे सांगितलं आणि मग ढसाढसा रडायला लागली.

"मीही भांडले होते मास्तरांशी," ती नाक ओढत म्हणाली. "ते म्हणत होते, त्यांनी पाठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्राची ती बोंब होती. मी म्हणत होते, मग दवाखान्यात पोचल्यावर ती गेली कुठे? तुम्हीच काढली असणार. असं बोलले मी, मॅडम. त्या माणसाला!"

"शुक्रवारी हसायला काय झालं होतं?"

खुसपट रडता रडता हसली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट दिसलं. "मीटिंगच्या शेवटी मास्तरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, आता टिकल्या लावतो, पण लाल टिकली मी भलत्याच पेटीवर लावणार. आत नुसता जुना कचरा. चोर येईल तो तिकडेच जाईल. मालक म्हणाले, मग खरी पेटी कुठे? मास्तर म्हणाले, तिच्यावर तर मी रोज पाय ठेवतो! मालक म्हणाले, अहो, म्हणजे माझी अख्खी कंपनी तुमच्या पायाखाली? आम्ही इतके हसलो, माझ्या नाकातून चहा आला. मास्तर म्हणाले, हे कुठे लिहायचं नाही, चौघांतच ठेवायचं."

बाई उठल्याच. मास्तरांची खोली उघडून टेबलाखाली वाकल्या. पेटी तिथेच होती. वर वाळलेल्या रक्ताचे थेंब, आत एक बारीक हिरवा दिवा जिवंत.

मागे जमादाराने मांडीवर थाप मारली. "मिटलं की बाई! चौघांनाही ठाऊक होतं, लाल म्हणजे फसवणूक. एक मेला, बाकीचे तिघे लाल पेटीला हात लावणार नाहीत. मग ती फोडली कोणी? जो मीटिंगला नव्हता त्याने. महिन्याभरापूर्वी ज्याला हाकललं होतं, त्याने!"

बाई तडक कोठडीकडे निघाल्या. कारण जमादार आयुष्यात पहिल्यांदा मुद्द्याचं बोलला होता.

५

कोठडीत धाकटा भिंतीला टेकून बसला होता. आता एक डोळाही सुजला होता. जमादाराच्या माणसांना पायरीवरून खाली पाठवायचं राहूनच गेलं होतं. बाईंनी ते मनात टिपून ठेवलं.

त्यांनी खिशातून तीन टिकल्या काढून त्याच्यापुढे फरशीवर ठेवल्या. लाल, पिवळी, हिरवी.

"हे काय आहे?"

"टिकल्या."

"कॉम्प्युटरवर लावल्या तर?"

त्याने लाल टिकली बोटाने उलटली. "लाल लावली असेल तर बिघडलेला असणार. हात लावू नका. का?"

बाई फरशीवरच बसल्या, गुडघ्यांनी तक्रार केली तरी. "समजा, तुला दादाचं काम कायमचं पुसून टाकायचंय. दवाखान्याला जे जे पाठवलं ते सगळं. तू काय फोडशील?"

"मी कशाला..."

"समज, म्हटलं ना!"

"पायाखालची पेटी," तो म्हणाला. "दुसरं काय फोडणार? दादाने आणि मी मिळून बांधलीय ती. झाकणाचे स्क्रू मी बसवलेत. मी निघालो तेव्हाही तो तिच्यावर पाय ठेवायचा. मी ओरडायचो, अरे, लाथ काय मारतोस तिला. तर म्हणायचा, जवळ राहते."

बाईंनी टिकल्या गोळा केल्या.

"जमादार," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "सगळ्यांना काचेच्या खोलीत बसवा. याला घेऊन तुम्हीही या. बेडी काढून."

६

म्हातारी आधीच तिथे पोचली होती. थोरल्याचा चष्मा आणि चहाचा कप न्यायला आली होती. बाईंनी तिला काचेबाहेरच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पायाखालची पेटी दोन्ही हातांनी उचलून आत आणून टेबलावर आदळली.

मालक ताडकन उठले. खुसपटने तान्ह्या बाळाचं डोकं धरावं तसे दोन्ही हात पेटीच्या कडांना लावले. "हळू ना मॅडम!"

घाईसाहेबांनी नाक मुरडलं. "हा कचरा टेबलावर कशाला? खाली ठेवा."

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "मला एवढंच बघायचं होतं."

त्यांनी खिशातली लाल टिकली पेटीशेजारी ठेवली.

"लाल टिकलीवर काही लिहिलेलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला ती नुसती टिकली. खोलीतल्या तेवढ्या पेट्यांमधून नेमकी तीच उचलून ठेचायची, तर लाल म्हणजे काय ते ठाऊक हवं. ते चौघांनाच ठाऊक होतं. धाकट्याला नाही. तो येता तर ही पेटी फोडता, आणि ती तर मास्तरांच्या पायाखाली शाबूत होती. म्हणजे खुन्याला रंग माहीत होते, पण त्यातली फसवणूक माहीत नव्हती. निरोप वाचला होता, मीटिंग ऐकली नव्हती." त्या वळल्या. "मालक पोट धरून हसले. हिच्या नाकातून चहा आला. आणि घाईसाहेब, तुमच्या मीटिंगमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येत होती."

"फोनवर आवाज नीट..."

"फोनवर तुमचा फोटो हजर होता. तुम्ही आवाज बंद करून भलतंच काहीतरी उरकत होतात. तुम्हाला घाई असते."

खुसपट पांढरी पडली. "बोंब," ती पुटपुटली. "नर्सेस तक्रार करत होत्या, सारखी वाजते म्हणून दवाखाना माल घेत नव्हता. तुम्ही म्हणाला होतात, मी बघतो. मास्तरांकडून निघालेल्या मालातून तुम्ही बोंब काढलीत! आणि पेटीने त्याचीही प्रत ठेवली असणार..."

घाईसाहेबांनी टेबलावरचा काचेचा जग उचलून टेबलाच्या कडेवर आपटून फोडला, तिचे केस मुठीत धरून मान मागे ओढली आणि फुटकी काच गळ्याला लावली. रक्ताची एक बारीक रेघ तिच्या कुडत्यात उतरली.

"मी त्याला विनवलं होतं!" ते ओरडले. "एक दिवस थांब म्हटलं! म्हणाला, पेशंट थांबला होता का? आणि पाठ फिरवून टायपिंग करत बसला! पेटी इकडे सरकवा, नाहीतर हिचा गळा चिरीन."

जमादार दारात खिळला. धाकटा पुढे झाला तशी काच आणखी आत रुतली आणि खुसपट किंचाळली. बाईंनी हळूहळू पेटी टेबलाच्या टोकाला सरकवली.

तेव्हा जमादाराच्या काखेखालून म्हातारी आत आली. कोणाकडे न बघता टेबलाशी गेली आणि पेटी उचलली.

"हीच हवी ना?" ती म्हणाली. "घे."

घाईसाहेबांनी हात पुढे केला. म्हातारीने पेटी डोक्यावर नेली आणि त्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. खुसपट निसटून टेबलाखाली कोसळली. दुसरा घाव तोंडावर बसला आणि दात फरशीवर सांडले. तिसऱ्यांदा पेटी वर गेली तेव्हा बाईंनी आणि धाकट्याने मिळून तिचे हात धरले, आणि पेटी निसटून जमिनीवर आपटली. झाकण उडालं. आतल्या चकत्या घरंगळत भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथे फुटल्या. हिरवा दिवा विझला.

"गेलं," मालक मटकन खाली बसले. "संपलं सगळं."

घाईसाहेब रक्ताच्या गुळण्या टाकत होते, आणि मध्येच हसत होते. "आता करा सिद्ध," ते बोबड्या तोंडाने म्हणाले. "करा ना!"

७

खुसपटची जखम वरवरची निघाली. दवाखान्यात नेताना तिने जमादाराला पट्टी उलटी बांधलीय हे ऐकवलं, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला.

म्हातारी मात्र आपल्या हातांकडे बघत बसली होती. "माझ्या हातून मोडलं ना रे?" ती धाकट्याला म्हणाली. "दादाचं सगळं?"

"आई," धाकटा म्हणाला, "दादा एकच गोष्ट एकाच जागी कधी ठेवायचा का? घराच्या कुलपाच्यासुद्धा तीन किल्ल्या केल्यात त्याने. या पेटीची जोडी असणार. रोज स्वतःची नक्कल तिकडे धाडत असणार. पण कुठे ठेवलीय ते मलाही नाही सांगितलं त्याने."

म्हातारीने डोळे बारीक केले. "काळी आहे का? एवढीशी? दिवा लुकलुकतो?"

म्हातारी एकटीच राहायची ते घर दोन खोल्यांचं होतं. आतल्या खोलीत शिवणयंत्र, आणि यंत्राखाली, पॅडलच्या शेजारी, लोकरीने विणलेल्या निळ्या झाकणाखाली काहीतरी चौकोनी. म्हातारीने झाकण अलगद काढलं. धुळीचा कणही नव्हता. हिरवा दिवा चालू होता.

"मागच्या थंडीत आणली त्याने," ती म्हणाली. "म्हणाला, आई, तुझ्याजवळ ठेवतो, ओल्या फडक्याने पुसू नकोस. म्हटलं, थंडी वाजत असेल तिला. म्हणून झाकण विणलं. हसला खूप."

धाकट्याने तिथेच मांडी घालून लॅपटॉप जोडला. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण धाकट्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळत गेलं.

"आहे," तो म्हणाला. "दादाचा माल आहे, बोंबेसकट. आणि त्यानंतरचा हा, बोंब काढलेला. घाईसाहेबांच्या कॉम्प्युटरवरून." त्याने तोंडावर पालथा हात ठेवला. "दादाने याला हात नाही लावला, बाई. एकदाही नाही."

"कोर्टाला एवढं पुरे," बाई म्हणाल्या. "तू सुटलास."

म्हातारीने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती दिव्याकडे बघत होती.

"तो म्हणाला होता, हा दिवा बंद पडला तर दुसरं काही करू नकोस, मला फोन कर. रोज सकाळी उठून आधी हा बघते मी. कधी पडला नाही बंद." तिने झाकण पुन्हा घातलं, चारी कोपरे नीट खाली ओढले. "आता पडला तर कोणाला करू?"

धाकटा तिच्याजवळ सरकला. फुटक्या ओठातून त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"मला कर."

म्हातारीने त्याच्या सुजलेल्या डोळ्यावरून एकदा हात फिरवला, हा आहे याची खात्री करून घेतल्यासारखा. मग तिने पिशवीतून तो इस्त्रीचा शर्ट काढला, त्यात तोंड खुपसलं आणि थोरल्यासाठी रडायला लागली.

बाईंनी बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं. पायऱ्यांवर जमादार उभा होता.

"आता तुम्ही," बाई बाह्या सावरत म्हणाल्या. "त्या मुलाच्या डोळ्याचं काय झालं, ते जरा सांगा मला."